विमानतळ ते विमानतळ

४ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा तेच! "अगं, एक तास पन्नास मिनिटं. डोळा लागायच्या आत पोचतो." सहा वर्षं दादाचं हे ऐकते आहे. आज दुकानात चष्म्याच्या काचा घासता घासता मोबाईलवर बघितलंच. खरं आहे — एक हजार वीस किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं. विमानतळ ते विमानतळ. पण विमानतळावर राहतं कोण? आम्ही राहतो दोन जिने चढून. वॉकर धरून उभे असलेले बाबा, आणि त्यांना न्हाणीपर्यंत नेणारी मी. ते अंतर कुणी मोजत नाही.

५ नोव्हेंबर
मालकीणबाईंनी आत बोलावलं. दुसऱ्या शहरात नवं दुकान काढताहेत. "सगळं तुझ्या हाती देते. एक तारखेला हजर हो. फक्त सतराला, रविवारी, मला पक्कं सांग." बेचाळिसाव्या वर्षी मला कुणी काही देऊ केलं! जिने कधी चढले कळलंच नाही.

दादाला लगेच फोन. बाबांना तुझ्याकडे घेऊन जा म्हटलं. एका शब्दात हो म्हणाला! "शनिवारी येतो न्यायला." बाबांना सांगितलं. "बरं," एवढंच.

९ नोव्हेंबर, शनिवार
बाबांची बॅग भरली, औषधं वरच्या कप्प्यात. ते मात्र दाढीही करेनात. "येईल तेव्हा करू." दहाच्या सुमारास दादाचा निरोप — ऑफिसात काम निघालं, पुढच्या शनिवारी नक्की. मी जळफळले. बाबा पोटभर जेवले, वर म्हणाले, "त्यालाही व्याप असतात गं." किती समजूतदार! मलाच का जमत नाही?

१२ नोव्हेंबर
घर, दुकान, घर. बाबांच्या दिवसभर हाका. पंखा वाढव, पंखा कमी कर.

१४ नोव्हेंबर
बाबा शेजारच्या काकूंना ऐटीत सांगत होते, "मुलगा जवळच आहे हो, दोन तासही लागत नाहीत." काकू म्हणाल्या, "मग काय, हाकेच्या अंतरावर!" मी आत भांडी आपटली. या दोन तासांनीच माझा गळा आवळलाय. दादा सातासमुद्रापार असता तर त्याच्या भरवशावर राहिले नसते, केव्हाच दुसरी सोय केली असती. तो जवळ आहे म्हणून मी इथे अडकले.

१६ नोव्हेंबर, शनिवार
नाही आला. म्हणे ताप आहे — आवाज अगदी ठणठणीत! बोलू नये ते बोलले आणि फोन ठेवला. बाबांची बॅग पलंगाखाली सरकवली. उद्या मालकीणबाईंना नाही म्हणायचं. या घरातून आता मी काही निघत नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. बाबा बाहेरून म्हणाले, "जाऊ दे गं. आपलं बरं चाललंय."

१७ नोव्हेंबर, रविवार
दादाचा फोन. "खूप शिव्या खाल्ल्या, आता सांगतोच. दोन्ही वेळा आदल्या दिवशी बाबांचाच फोन आला होता. म्हणाले, येऊ नकोस, तू आलास की ती जाईल."

"आणि तू ऐकलंस?"

"सोयीचं पडलं मला."

बाबा समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता, सगळं ऐकू गेलं त्यांना. म्हणाले, "पंखा कमी कर जरा."

दादाला म्हटलं, ये नाहीतर नको येऊस, तीस तारखेला मी निघते. मग बाबांच्या समोरच मालकीणबाईंना फोन लावला. येते म्हणाले.