पुरावा आणा म्हणे!

५ मे, मंगळवार

पुरावा आणा म्हणे! मी ज्यू असल्याचा पुरावा! वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी!

लेकीच्या लग्नाचा अर्ज द्यायला दोघी सिनेगॉगमध्ये गेलो होतो. नवे रब्बी – येऊन वर्षसुद्धा झालं नाही, दाढी अजून धड भरली नाही – कागद खालीवर करत म्हणाले, "तुमच्या आईच्या आईंनी धर्म स्वीकारला होता ना? त्याचा दाखला?"

आजीने लग्नाआधी तीन वर्षं अभ्यास केला. धर्माच्या तिघा जाणत्यांसमोर परीक्षा दिली. शुद्धीच्या कुंडात बुडी घेतली. सगळ्यांना ठाऊक आहे. पण दाखला नाही. तिच्या गावचं सिनेगॉग कधीच बंद पडलं, दप्तरंही गेली.

"ज्यूपण आईकडून येतं. आजींचं सिद्ध होत नाही, म्हणजे तुमच्या आई... म्हणजे तुम्ही..."

वाक्य पुरं करायची हिंमत नाही!

७ मे, गुरुवार

लेक म्हणते, आजीच्या जुन्या कपाटात दाखला बघूया. मी बघणार नाही. चोर आहे का मी?

१० मे, रविवार

काल शनिवार. शनिवार आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, तेव्हा मी लिहीत नाही. परकी बाई शनिवार पाळते म्हणायची!

रब्बींनी तोडगा काढलाय. मी आणि लेकीने कुंडात बुडी घ्यायची, साक्षीला तिघं. "दहा मिनिटांचं काम हो. पुढे संशयाला जागा नको."

म्हटलं, "मी पाण्यात उतरले म्हणजे कबूल केलं, की आजवर नव्हते. मग इतकी वर्षं उपास कोणी केले? शेजारणीने?"

कागदांची चळत सारखी करायला लागले. निदान ओरडायचं तरी!

घरी येताना लेक म्हणाली, "आई, पाणीच तर आहे."

पाणीच तर आहे!!

११ मे, सोमवार

लेकीशी बोलत नाही.

१४ मे, गुरुवार



बेकरीवाल्या काकू गेल्या. इथल्या बायकांची कफनं एकोणीस वर्षं मीच शिवतेय. पांढरं सुती कापड, खिसा नाही, धाग्याला गाठ नाही. शेवटची आंघोळही मी आणि आमच्या समाजातल्या मोठ्या बाई मिळून घालतो. आज मोठ्या बाई दारातच उभ्या. माझ्या हातातलं कफनाचं गाठोडं घेतलं.

"तू बाहेर थांब गं जरा. रब्बी म्हणालेत, तुझं काय ते ठरेपर्यंत."

"तुमच्या सासूबाईंना कोणी न्हाऊ घातलं?"

"तू."

"तेव्हा मी कोण होते?"

त्या रडायला लागल्या. रडा! दार मात्र लावून घेतलं.

पायरीवर बसून राहिले. आत पाणी ओतल्याचा आवाज. काकूंचा डावा खांदा आखडलेला होता, म्हणून ती बाही मी मुद्दाम रुंद ठेवली होती. आत कोणाला माहीत आहे ते? उलटीसुलटी चढवली असेल!

१८ मे, सोमवार

लेक बुडी घेऊन आली. केस ओलेच. लग्नाची तारीख मिळाली म्हणून हसत होती.

आई खुर्चीत चहा पीत होती. एकोणऐंशीची आहे, कमी ऐकू येतं, म्हणून मुद्दाम मोठ्यांदा म्हटलं, "घे! तुझी नात आज ज्यू झाली. कालपर्यंत कोण होती देव जाणे! आता तुलाही नेतील बुडवायला!"

लेक रडत आत गेली. आईने कप खाली ठेवला. जेवायला उठली नाही.

बोलायला नको होतं. पण बोलले.

१९ मे, मंगळवार

दाखला होता.

सकाळी आईने जवळ बसवून सांगितलं. ती सोळा वर्षांची असताना तिनेच तो शेगडीत घातला. वर्गातल्या मुली तिला 'उसन्या ज्यूची पोर' म्हणायच्या. "कागद गेला की आपण जन्माचेच झालो, असं वाटलं गं मला."

आजीला तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हातारपणी आजी सारखी कपाट उपसायची, एकेक घडी उलगडून तो कागद शोधायची. आणि आई तिच्या शेजारी बसून शोधू लागायची.