कण्हेरीचं कुंपण

लातूर, गुरुवार, वैशाख

आज सकाळी शेजारच्या गंगाबाईची देवणी गाय माझ्या कुंपणाशी मरून पडली.

कुंपण मीच निवडलं. जिल्हा झाला, नवी वसाहत झाली, हे गेल्यावर मी इथे घर बांधलं. मनात मेंदी होती. पण विधवेच्या दारात मेंदी, लोक काय म्हणतील? म्हणून कण्हेर लावली. पाणी थोडं लागतं, महादेवाला फुलंही होतात. पुस्तकात वाचलं होतं, जनावरं तिला तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत, ते मी का नाही वाचलं? हे असते तर त्यांनी पहिलं तेच विचारलं असतं.

परवा कुंपण छाटून पाला बाहेर टाकला. तो वाळला आणि गाईने खाल्ला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, वाळला तरी विष जात नाही.

मी गंगाबाईला म्हणाले, "चूक माझीच हाय. पण पुस्तकात होतं, जनावर तोंड लावत न्हाई."

"भरल्या पोटी न्हाई लावत, अक्का. औंदा कुणाचं पोट भरलंय?"

मी आतून कोयता आणला आणि कण्हेरीवर पहिला घाव घातला. तिने माझा हात धरला.

"तोडून पाला टाकणार कुठं? माझं वासरू अजून जितं हाय."