दोरीवरचा पट्टा

बाबा,

आईने त्या रविवारी स्वतःचा हर्नियाचा पट्टा धुऊन दोरीवर घातला, तो अजून तिथेच आहे. "आज बैल मोकळा!" म्हणत ती पोट धरून हसली होती. पट्टा मी काढलेला नाही. तो तुम्हीच काढा.

मी माझ्या घरी निघाले आहे. जेवण फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या. रक्तदाबाची गोळी विसरू नका.

काल शेजारच्या काकूंनाही तुम्ही तेच सांगितलंत, "ती ऑपरेशनला घाबरायची हो." मी कप उचलून आत गेले.

ऑपरेशनचं विचारलं तेव्हा मी दवाखान्यात तुमच्या शेजारीच बसले होते. सर्जनबाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं होतं, की आता जाळी बसवली तर दोन दिवसांत घरी, आणि थांबलात तर आतडं कधीही अडकेल, मग जिवाशी गाठ. प्रश्न त्यांनी आईला विचारला होता. ती म्हणाली, "करून टाकू या." तुम्ही म्हणालात, "कशाला? पट्ट्यावर भागतंय तिचं." मग तिने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पट्टा धुतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, आतडं अडकलं. ऑपरेशन शेवटी झालंच, पण घाईघाईत, आणि ती त्यातून उठली नाही.

आत्ता तुमच्या खोलीच्या दाराशी उभी राहून मी मोठ्याने बोलले. तुम्ही फक्त कूस बदललीत, म्हणून तेच लिहून ठेवते.

आई घाबरली नव्हती, बाबा. घाबरला होतात तुम्ही.