माझ्या नावावर ज्योतीराम चालला

१२ जानेवारी १९८१, सोमवार
फोरमनच्या जागेसाठी माझं नाव पक्कं. पण कंपनीच्या डॉक्टरांनी नवीन टूम काढलीय. आधी पुण्यात हृदयाची टेस्ट. छातीला वायरी लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं. इतकी वर्षं प्रेसशॉप चालवला, आता हे. वीट आलाय. उद्यापासून सिगारेट बंद, पहाटे फिरणं सुरू.

१३ जानेवारी
फिरायला निघालो. नाल्याचा वास इतका घाण, की कोपऱ्यावरून परतलो. त्यापेक्षा सिगारेटचा धूर बरा.

१५ जानेवारी, गुरुवार, सुट्टी
मार्ग सापडला. आमचा लोडर ज्योतीराम. चाकणकडचा, माझ्याच वयाचा, अंगानं पहिलवान. पुण्यात मला कोण ओळखतं? कंपनीत सगळे एकमेकांची कार्डं पंच करतातच. ज्योतीराम म्हणाला, नुसतं चालायचंच हाय नव्हं, मग चालतो की. ही फसवणूक नव्हे. ज्याला जमतं त्याला काम देणं म्हणजेच सुपरव्हिजन.

१९ जानेवारी
तो जाऊन आला. म्हणाला, छातीत कळ आली सायेब, पर तुमचं नाव हाय म्हनून थांबलो न्हाई. शर्ट घामानं चिंब. नाक दाबून शाबासकी दिली.

२३ जानेवारी
रिपोर्ट आला. माझ्या हृदयाला रक्त पुरत नाही म्हणे. फोरमनची जागा शेजारच्या शॉपमधल्या यशवंतरावांना. बायकोनं, शैलानं, रडून घेतलं आणि माझं मीठ बंद केलं. अळणी दुधीभोपळा. शिसारी आली. एवढा दांडगा गडी आणि आतून असा. आधी सांगायला काय झालं होतं?

२४ जानेवारी
ज्योतीराम पेट्या उचलताना थांबला, छातीवर हात ठेवला, पुन्हा उचलायला लागला. मला काय त्याचं. डबा उघडलाच नाही. अळणी होता म्हणून.

२७ जानेवारी
कंपनीच्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. स्वतःचीच किळस आली. त्यांनाही आलेली दिसली. ज्योतीरामला लगेच इस्पितळात हलवलं. मला म्हणाले, आता तुम्ही चाला.

२ फेब्रुवारी
पट्ट्यावर चढलो आणि लगेच धाप लागली. थांबवा म्हणून ओरडलो. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, बाकी माणूस मोडीत निघालाय. तुमच्या नावावर आलेला पेशंट यापेक्षा जास्त चालला होता. माझ्या मते पट्ट्यातच काहीतरी बिघाड असणार.

९ मार्च
नोकरी राहिली, प्रमोशन गेलं. ज्योतीरामला हलकं काम म्हणून गेटवर स्टूल दिलंय. आज भोंगा वाजताना गेटपर्यंत पळालो. मला पाहून तो उठला. म्हणाला, बसा सायेब, लई दम लागलाय तुमाला. हार्ट पेशंटच्या स्टुलावर मी कशाला बसू?

बसलो.