भट्टीचं मीटर, शोभाचा डोळा

९ जाने.
सुगडं वाया गेली. सगळी. भट्टी उघडली तर चार फळीला चिकटलेली, बाकीची तोंडं वाकडी करून बसलेली. संक्रांतीला आता बाजारातली आणायची. गेली सहा वर्षं आमच्याच हातची पुजली होती.

दोष माझा. धाकटी जाऊ शोभा इथं होती तोवर भट्टी तिच्या डोळ्यावर चालायची. तिच्या माहेरी, युसूफ वडगावला, वडिलांची वीटभट्टी होती. लहानपणापासून जाळ बघत वाढलेली. आमच्या पिंपाच्या भट्टीच्या भोकातून एक डोळा मिटून बघायची आणि सांगायची, "डाळिंब झालं... आता शेंदूर... आता पिकला आंबा. आक्का, करा बंद." आंब्याला गॅस बंद केला की भांडं पक्कं. माती मळणं, घडवणं माझं, जाळ तिचा. सव्वा वर्षापूर्वी, गेल्या संक्रांतीची सुगडं आधीच भाजून ठेवून, ती नात सांभाळायला पुण्याला गेली. मी चित्रकलेची मास्तरीण, जन्मभर शाळेत रंग शिकवले, आणि मला शेंदूर कुठं संपतो नि आंबा कुठं सुरू होतो ते कळत नाही. शोभतं मला.

१० जाने.
शो.ला (रोज पूर्ण नाव लिहीत बसत नाही) सांगून टाकलं. परवा भट्टी पेटवली तेव्हा व्हिडिओ कॉल लावून मोबाइल भोकासमोर धरला होता. पण मोबाइलला जाळ नुसता पांढरा दिसतो. डाळिंबही पांढरं, आंबाही पांढरा. ती तिकडून ओरडत होती, "मला काय बी दिसंना! चुना फासल्यावानी दिसतंय." तरी मी भट्टी चालूच ठेवली. हट्ट, दुसरं काय.

आज पहिला प्रश्न, "माझी बरणी तर न्हाई ना घातली त्यात?"

नाही घातली. बरणी कपाटात आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळून, कच्चीच. तिनं स्वतः, जायच्या आधी घाईघाईत केलेली. बुडाशी तिच्या अंगठ्याचा ठसा राहिलाय, पुसला नाही. "भाजून ठेवा, मी आले की नेते," म्हणाली होती. एकच आहे. फुटली तर तशी पुन्हा होणार नाही.

ऑनलाइन मीटर मागवलं. भट्टीत एक नळी घालायची, आतला ताव किती ते आकड्यात दिसतं. डोळा नाही तर नाही, आकडा तर कळेल.

१४ जाने.
संक्रांत. विकतची सुगडं. वाणाला आलेली प्रत्येक जण विचारते, "जाऊबाई न्हाई आल्या?" तोंडात तिळगूळ होता, बरं झालं.

२३ जाने.
पार्सल आलं. पांढरी चिनी मातीची नळी, आत दोन तारा, टोकाला एकमेकींना जोडलेल्या. दोन्ही वेगळ्या धातूंच्या असाव्या लागतात, एकाच धातूच्या असल्या तर ताव कळत नाही, असं वाचलं. शो.ला फोनवर सांगितलं. म्हणाली, "म्हंजे जावा-जावाच की!" खूप हसलो. फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटलं.

२६ जाने.
झेंडावंदन आटोपून आले. वायरमन सलीमभाईंनी मीटर ओसरीच्या भिंतीवर बसवलं. भट्टी मागल्या अंगणात, म्हणून मधे वायर लांबवली. विचारलं, "कुठली तार कुठं?" तर म्हणे, "लाल म्हंजे पिलस, म्याडम. ह्यात काय इचारायचं?"

गॅस पेटवला. २४. १८. ९. पाच मिनिटांत शून्याच्या खाली. भट्टी तापतेय आणि मीटर थंडी वाजून कुडकुडतंय. हे म्हणाले, "आपल्या वडवणीत काश्मीर." मला हसू आलं नाही. सलीमभाई म्हणाले, "पीसच खराब हाय. वापस करा." ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मी आत निघून गेले.

२७ जाने.
शो.: "उल्टं जातंय तर वायरी उलट्या करा की. त्यात रडायला कावून?"

रडत नव्हते. थोडंसं.

सलीमभाईंना निरोप दिला तर कानाला हात लावून, "तौबा! लाल वायर मायनसला? आमच्या उस्तादानं हात मोडला असता. मी न्हाई लावणार, म्याडम, लई तर तुमी लावा." मग मीच स्क्रू ड्रायव्हर घेतला. लाल काढून मायनसला. गॅस पेटवला. आकडा सुरसुरत वर. पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद मग वाचला. लिहिलंय की, ह्या तारांत लाल तीच मायनस. आधी वाचायला काय धाड भरली होती.

पुण्यात नवव्या मजल्यावर बसून तिला कळलं. मला इथं शेजारी उभं राहून नाही.

८ फेब्रु.
काल जुने कप घालून चाचणी. एक हजार तीसला बंद करायचं ठरवलेलं. मीटर ९६० दाखवत होतं तेव्हा सहज भोकातून बघितलं आणि वाटलं, अगं, आंबा की हा! हापूस नाही, आपला गावरान, पाडाचा. पण म्हटलं आपल्या डोळ्याचं काय खरं. दुधानं तोंड पोळलेलं. मीटरचं ऐकत बसले.

आज उघडली. कप झुकलेत सगळे, माफी मागितल्यासारखे.

म्हणजे डोळा खरा होता.

१२ फेब्रु.
चूक सापडली. वायर लांबवताना सलीमभाईंनी घरातली साधी तांब्याची तार जोडली होती. ती चालत नाही. नळीला तिच्याच जातीची वायर लागते, दुसरी जोडली की जोडाशी ताव लागतो आणि आकडा कमी दिसतो. तांब्याची तार काढून टाकली. मीटर आता भट्टीशेजारी स्टुलावर, तिच्याच वायरीवर. मलाही तिथंच बसावं लागणार. बसते. पूर्वी दोघी बसायचो, भुईमुगाच्या शेंगा फोडत. टरफलं गोळा करायला शो. कधी उठली नाही, पण ते असो.

१५ फेब्रु.
शो.चा फोन, हळू आवाजात. नात झोपलेली.

"करमतंय का?" विचारलं.

"गॅलरीत उभं राहिलं तर समोर गॅलऱ्याच दिसत्यात, आक्का. हात माती मागत्यात."

"चार दिवस ये की."

"कशी येऊ? सुनंची ड्युटी, नातीची शाळा. नुस्तं करमंना म्हणून जाते म्हणलं तर बरं दिसतं का? काय तरी काम पायजे."

सून वाईट नाही. शो.ही तक्रार करत नाही. पण कामाशिवाय माणसाला घरातून निघता येऊ नये, हे कुठलं वय?

मला तर कामाशिवायच ती हवी आहे. दुपारी तीनला, ओसरीत, पाय पसरून. हे तोंडाने म्हटलं नाही कधी. आमच्यात तशी पद्धत नाही.

२२ फेब्रु.
पुन्हा चाचणी. ह्या वेळी दोन वाट्या. स्टुलावर बसून आधी भोकातून बघायचं, मग मीटरकडे, असं ठरवलं. डाळिंब म्हटलं, ७१०. शेंदूर म्हटलं, ९००. मग बराच वेळ डोळा लावून बसले. आंबा. मीटर बघितलं तर १०२८. गॅस बंद.

२३ फेब्रु.
वाट्या उघडल्या. टिचकी मारली की खणखणीत वाजतात. रंग जसा हवा तसा. हे स्वतःहून म्हणाले, "चांगल्या झाल्यात." त्यांच्या तोंडून म्हणजे बक्षीसच.

शो.ला सांगायला फोन उचलला आणि परत ठेवला. मीटर बरोबर, आता माझा डोळाही बरोबर. मग शो.चं इथं काम काय उरलं?

सहा आठवडे ह्याच्यामागे लागले होते. आगीतून उठून...

२५ फेब्रु.
बरणी लुगड्यातून काढली. भट्टीत ठेवली. ठशात माझा अंगठा ठेवून बघितला, मोठा होतो. भट्टीचं झाकण लावलं. काडीपेटी हातात.

अर्ध्या तासाने, काडी न ओढताच, बरणी काढून परत कपाटात ठेवली. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, सिलिंडर संपत आलंय. नुकतंच बदललेलं, त्यांनीच.

१ मार्च
सकाळी शो.चा फोन. "झाली का भट्टी? मीटर बरोबर दावतंय आता?"

मागे भांड्यांचा आवाज, सून घरातच. आज रविवार.

"न्हाई गं," मी म्हटलं. "लईच चुकतंय. मला काय उमजंना."



"म्हंजे बरणी न्हाई भाजली?"

"तुझ्याबिगर कशी भाजू?" एवढं मात्र खरं होतं.

उलट्या वायरी तिनं एका वाक्यात ओळखल्या होत्या, माझा आवाज ओळखायला तिला किती वेळ लागणार. मग फोन तोंडाजवळून न हलवताच, मला कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं का गं? आक्काची भट्टी बिघडलीया! मीटर बी चुकतंय! मलाच जावं लागंल!"

भांड्यांचा आवाज थांबला. सून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"बघते," शो. म्हणाली आणि ठेवला.

२ मार्च
हे चहा पीत बसले होते. म्हणाले, "मीटर तर बरोबर झालतं ना?"

"झालतं."

स्क्रू ड्रायव्हर आणला. लाल वायर मायनसवरून काढली, सलीमभाईंसारखी प्लसला लावली. नळीचं टोक ह्यांच्या कपात बुडवलं. ३२. २०. ९. खाली चाललंय, शो.ला सांगितलं तसंच चुकतंय, बरोबर. हे कपाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि उठून स्वतःच दुसरा चहा टाकायला गेले.

शो.चा अजून फोन नाही.