मामांची कंपनी, आईची गाडी

सोलापूर,
रविवार, सकाळचा दुसरा चहा

तीर्थस्वरूप मामांना,

नारायणचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण एकदा खाली गेलो की वर येताना प्रभाला हाक मारावी लागते आणि ती सध्या भाकऱ्या थापते आहे. तेव्हा कागदावरच घातला असं समजून आशीर्वाद द्यावा. तुमची प्रकृती, मामींची पाठ आणि दारची म्हैस ही सगळी ठीक असतील. तुम्ही पाठवलेली गुळाची ढेप पोचली. तिच्यापुढे आमचा बत्ता हरला. शेवटी शेजारच्या शिवप्पांची हातोडी आणली. गूळ उत्तम आहे. तुमच्या डोळ्यांचं मात्र मुद्दामच विचारत नाही, कारण विचारलं की तुम्हाला राग येतो. (मामींकडून कळलं, की परवा देवळापुढे ट्रॅक्टरची पूजा असताना तुम्ही शेजारी उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरला हार घातला आणि टँकरवाल्यानं मुकाट दक्षिणाही दिली.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे रेडिओ ऐकणं आहे. ऐकता येतं, उत्तर देता येत नाही. पत्र मात्र मामी मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, त्यामुळे तुम्ही शेवटपर्यंत गप्प बसाल अशी आशा आहे.

मूळ विषय आभाराचा आहे. गाडी घेतली हे तुम्हाला कळलं आहेच, मामा. मागे ऐसपैस डिकी, घरातली सगळी माणसं एका वेळी मावतील अशी चांगली मध्यम आकाराची सेडान. आणि ती आली ती केवळ तुमच्यामुळे. हे मी रीत म्हणून लिहीत नाही, पुढे ऐकलंत म्हणजे पटेल.

तुम्हाला माहीत आहेच, पण मामींना वाचायला आवडेल म्हणून सांगतो. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई काठी घेऊन घरभर फिरते, अंगणात मेथी निवडते, शिवप्पांच्या सुनेला फोडणीतल्या चुका कुंपणावरून सांगते, पण वाहनात बसत नाही. त्याला कारण कुंभारीचं ते लग्न. नवऱ्या मुलाच्या काकांनी मोठ्या मानानं तिला घरी सोडायला आपली उंच, रुबाबदार गाडी दिली आणि आईचा पाय काही त्या गाडीच्या पायरीला पोचेना. शेवटी मांडवासमोर, बँड वाजत असताना, दोन धडधाकट पाव्हण्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि आत ठेवलं. (ठेवलं हाच शब्द बरोबर आहे. मी तिथंच होतो, तिची काठी आणि आहेराची पिशवी धरून.) घरी आल्यावर आईनं जाहीर केलं, "ह्यापुढं मला चौघंच उचलत्याल, ते बी एकदाच." तेव्हापासून तिचं जग कुंपणापाशी संपतं. तुमच्याकडे दिवाळीला आली नाही, संक्रांतीला आली नाही. रोज संध्याकाळी "जोतिरामचं डोळं कसं हायत?" असं विचारते आणि उत्तर ऐकून आत जाते. मला ते बघवत नाही. तिनं स्वतःच्या पायानं बसावं, स्वतःच्या पायानं उतरावं आणि माहेराला जावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता सोलापुरात माणूस गाडी घेतोय हे कळायला जाहिरात द्यावी लागत नाही. सल्ले घरपोच येऊ लागले. जपानी म्हणजे डोळे झाकून, जर्मन म्हणजे खिसा उघडून, कोरियन म्हणजे पोरांच्या हौसेला आणि आपली देशी म्हणजे टॅक्सीला, ही चार वाक्यं मी दूधवाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकली. चारी गाड्या चालवलेला माणूस मात्र एकही भेटला नाही. (सलूनवाल्याकडे सायकल आहे.) शाळेतले माझे जुने सहकारी रीसेलवर अडून बसले. विकताना काय येईल हे बघा, म्हणाले. त्यावर प्रभा म्हणाली, मुलगी बघायला गेल्यावर आधी काडीमोडाचं विचारतात का? ते चहा अर्धा ठेवून गेले. शिवप्पांचं शास्त्र वेगळंच. त्यांचं चादरींचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक वस्तू हातानं चाचपून घ्यायची त्यांना सवय. "सर, ते मायलेज बियलेज सोडा. दार लावून बघा की. धप्प आलं पायजे." आमच्या देवयानीनं पुण्याहून सगळ्या गाड्यांची लांबी, रुंदी, डिकी आणि जमिनीपासूनची उंची यांचा तक्ता मोबाईलवर पाठवला. तो इतका बारीक होता, की मी तो मोठा करता करता चुकून शाळेच्या ग्रुपवर पाठवला आणि आणखी सल्ले आले.

पण तुमची गोष्ट वेगळी. वेळापुरात आलेली प्रत्येक नवी गाडी आधी देवळापुढे तुमच्याच पुढ्यात येते. चाकाखाली लिंबू, समोर स्वस्तिक, वर नारळ. कुठल्या कंपनीची गाडी पुन्हा उतारा मागायला येते आणि कुठली परत तोंड दाखवत नाही, याचा अभ्यास तुमच्याइतका कुणाचा नसेल. तुमचा कौल जपानीला आणि त्यातही त्या एकाच कंपनीला, हे मला मी शाळेत असल्यापासून पाठ आहे. (त्याच कंपनीच्या मोटारसायकलवरून तुम्ही मामींना लग्न करून आणलंत आणि ती अजून गोठ्यात पहिल्या किकला सुरू होते. मामींची पाठ त्या प्रवासापासून दुखते म्हणतात, पण त्याचा दोष आपण रस्त्याला देऊ.) दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसायचं नाही म्हणून तुम्ही भर उन्हात अकलूजपर्यंत चालत गेलात, ही गोष्ट तर आमच्या घरात निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. तेव्हा फोनवर तुम्ही त्या कंपनीची महती सांगितलीत त्यात मला नवल वाटलं नाही. नवल शेवटी वाटलं. फोन ठेवता ठेवता तुम्ही सहज म्हणालात, "आन् हे बघ, अक्काला बसवून बघितल्याबिगर घेऊ नगं." मामा, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. इतक्या शहाण्यासुरत्या माणसांत, माझ्यासकट, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

पण आई शोरूमला जाणार कशी? जायला गाडी हवी आणि गाडीत तर ती बसत नाही. मग गाड्यांनाच घरी बोलावलं. हल्ली बोलावलं की येतात. रोज दारात नवी गाडी उभी, आतून टापटीप कपड्यांतला तरुण उतरतोय, प्रभा त्याला पोहे देतेय, हे बघून गल्लीत बातमी पसरली, की देवयानीला स्थळं येताहेत. (एका बाईंनी तर यातला गुरुवारचा मुलगा बरा होता, असंही सांगितलं.) आईनं हे काम अगदी मुलगी बघायच्या थाटात केलं. अंगणात खुर्ची टाकून बसायची, गाडीला आधी पुढे-मागे चालवून दाखवायला सांगायची आणि मग काठी टेकत उठायची. जर्मन गाडी आली तेव्हा शिवप्पांनी इतक्या वेळा दार लावलं, की उरलेली दारं सेल्समननं स्वतःच लावून घेतली. धप्प मात्र असं आलं, की शिवप्पांनी डोळे मिटले. आई आत टेकली ती खालीच गेली. "पाटावर बसल्यागत हाय. उठवायला कोन येनार?" संपलं. कोरियन गाडीचं छप्पर नुसतं बोलल्यावर उघडलं. आईनं वर बघितलं आणि म्हणाली, "सोलापुरात ऊन काय इकत घ्यावं लागतं व्हय?" त्या सेल्समननं छप्पर लावायला सांगितलं, पण गाडीला त्याचं मराठी कळेना. आणखी एक जण सारखा म्हणत होता, मॅडम, ब्रँड बोलतो. मग तुम्ही जरा गप्प बसा, प्रभा म्हणाली, आम्ही ऐकतो. तुमच्या कंपनीचीही गाडी आली होती. तिचं वर्णन तुमच्यापुढे मी काय करावं! पांढरीशुभ्र होती. सेल्समन फारच नम्र होता.

आणि मग एका सकाळी एका गाडीचं मागचं दार उघडलं. आईनं दाराकडे पाठ केली, सीटवर टेकली, काठी माझ्याकडे दिली, एक पाय आत घेतला, मग दुसरा. कुणी हात लावला नाही. शिवप्पा दार लावायचं विसरले. तिनं सीट हातानं चाचपली आणि म्हणाली, "आमच्या वेळापूरच्या दारातल्या वट्ट्याएवढं हाय." मग पदर सावरून म्हणाली, "चल." कुठे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सात रस्ता चौकातून होटगी रोडनं पार गावाबाहेर जाऊन आलो. आई रस्ताभर दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. नवी दुकानं किती निघाली, म्हणत होती. मी पुढे बसलो होतो आणि मागे वळून बघत नव्हतो, कारण मला रडू येत होतं आणि सेल्समन मायलेज सांगत होता. घरी आल्यावर ती आपली आपण उतरली आणि शिवप्पांच्या सुनेला कुंपणावरून ओरडून सांगितलं, "म्या जाऊन आले!"

पूजा तुमच्याच हातची हवी होती म्हणून व्हिडिओ कॉल लावला, ते तुम्हाला आठवतच असेल. प्रभानं कुंकवाचं स्वस्तिक गाडीच्या तोंडावर नेमकं मधोमध, कंपनीच्या खुणेवरच काढलं (जागा तीच मोक्याची) आणि वर झेंडूचा हार सोडला. तुम्ही फोन डोळ्याला लावून बघितलंत आणि म्हणालात, "वा! जपानी ती जपानी. तोंडावरच तेज हाय." आम्ही सगळे गप्प उभे राहिलो, ती तुम्ही भक्ती समजलात. तेवढ्यात रेंज गेली. नारळ मी फोडला. तो पहिल्या फटक्यात फुटला, तेव्हा काळजी नसावी.

मामा, माणसं आपल्याला पुष्कळ सल्ले देतात आणि बहुतेक सल्ले त्यांच्या स्वतःच्या गाडीबद्दल असतात. तुम्ही एक सल्ला तुमच्या अक्काबद्दल दिलात. तिला तिचं गाव परत मिळालं. याची परतफेड माझ्यानं व्हायची नाही आणि करायचा विचारही नाही. मामींना नमस्कार, म्हशीला थाप.

तुमचा भाचा,
नारायण

ता. क. येत्या गुरुवारी आई वेळापूरला येते आहे. हे तिनंच ठरवलं, मला फक्त कळवलं. शुक्रवारी परत निघताना मागच्या सीटवर तिच्या शेजारची जागा तुमची आहे. शनिवारी सकाळी इथल्या डॉक्टरांकडे तुमच्या मोतीबिंदूसाठी वेळ घेतली आहे. आणखी लांबवलं तर अवघड जाईल, असं ते म्हणाले. अजून दिसतंय, असं तुम्ही म्हणाल. मामा, टँकर. आणि तुम्ही तुमच्या कंपनीशिवाय दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नाही, ती अडचणही आता तुम्हीच व्हिडिओवर दूर केली आहे.

ता. क. २. मामी, इथून पुढचं मनातल्या मनात वाचावं. विचारलं तर अक्षर लागत नाही म्हणावं. गाडी त्यांच्या कंपनीची नाही. त्यांच्या कंपनीच्या गाडीचं छप्पर मागे इतकं उतरतं आहे, की आईचं डोकं आपटलं. देवळात बी एवढं वाकत न्हाय, म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. घेतली ती आपली देशी, टॅक्सीवाली. शिवप्पा दोन दिवस बोलले नाहीत. काल एसटी स्टँडजवळ थांबलो असता एका माणसानं दार उघडून "टेंभुर्णी?" असं विचारलं. मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "बसा की, जागा हाय." त्याला टेंभुर्णीच्या वाटेवर बाळे गावापर्यंत सोडावं लागलं. तेवढ्यात आईनं त्याच्या सासरची सगळी माहिती काढली. तर मामांना शुक्रवारी कुंकवासकट, हारासकट गाडीत बसवू. ऑपरेशन झाल्यावर कळलं तर कळलं.

ता. क. ३. मामी, आता पुन्हा मोठ्यानं वाचावं. आई मागे उभी राहून हे सगळं वाचत होती, ते मला आत्ता कळलं. ती सांगते तसं लिहितो आहे, शब्द तिचे: "जोतिराम, गाडी तुज्या कंपनीची न्हाय. नारायण भितोय, मी भीत न्हाय. कंची हाय ते सांगनार न्हाय. कुंकू म्या सवता पुसलंय. गुपचूप माज्या शेजारी बसायचं, डोळं करून घ्यायचं आन् नाव आपलं आपन वाचायचं. ते वाचून झालं की माज्याकडं बघ. लई दिस झालं, तू मला नीट बघितलंच न्हाईस."