पालथा ठेवलेला फोन

ता. मुरबाड,
एप्रिल २००७

श्री. साईनाथमामा यांस (पोरांचे मामा म्हणून आमचेही मामा, वयाने तुमी धाकटे, पण बायकोचे भाऊ, तेव्हा मान देणं आलंच), वाळूचा रामराम. आसनगावात सगळी खुशाल असतील, तुमची धरलेली कंबर सुटली असेल. आमी इकडे जिवंत आहोत. याहून जास्त काय लिहू?

मामा, दिवाळीला तुमी मोबाइल दिलात आणि या घराला ग्रहण लागलं. देताना उपदेश काय कमी केलात? चार्जिंगला लावून बोलू नका, मोटारसायकलवर बोलू नका, अनोळखी माणसाला नंबर देऊ नका, लॉटरी लागली असं कोणी म्हणालं तर भुलू नका. सगळं पाळलं. (लॉटरीवाल्याला तर माझ्या म्हाताऱ्या आईने असं झोडपलं की त्याचा परत फोन नाय.) पण बोलून झाल्यावर तो बंद कसा करायचा, ते सांगायचं तेवढं राहिलं तुमचं! आमी जन्मभर मुरबाडच्या नाक्यावर रुपयाच्या डब्यातून फोन केले. तिथे बोलणं झालं की रिसीव्हर पालथा ठेवला, संपलं. मग हाही पालथाच ठेवत आलो, भाताच्या कणगीवर, कारण घरात रेंज तिथेच. समोरचा आपला फोन बंद करायचा आणि मला वाटायचं, मीच केला.

परवा आटगावहून कोंडूभाऊंचा फोन आला, म्हणजे आपल्या अपेक्षाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर लावला. साखरपुड्याचा दिवस ठरला, गोड गोड बोललो, रामराम घातला आणि फोन ठेवला पालथा. मग घराने तोंड सोडलं. तुमची बहीण म्हणाली, विहीणबाईंनी भूक नाय भूक नाय करत कोंबडीचं अख्खं भांडं निपटलं. मी म्हटलं, पोरगा अनिल बरा आहे, पण बाप बोलायला लागला की गोठ्यातला बैलसुद्धा उठून जाईल. (बोललो खरं. जिभेला काय हाड असतं?) आमच्या म्हातारीने, हिराबाईने, तर कोंडूभाऊंच्या खोकल्याची नक्कल केली, इतकी हुबेहूब की मी पाणी आणायला उठलो. तेवढ्यात कणगीवरून खरा खोकला आला, आणि मागोमाग आवाज, "वाळूभाऊ, बैल गेला का उठून?" म्हातारीने कणगीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, सोयरीक मोडली. गावात तोंड दाखवायची सोय नाय. पोरीचं कसं होणार या विचाराने घास उतरत नाय. तुमची बहीण मला बोलते, म्हातारी तिला बोलते, आणि फोन वाजला की तिघंही अंगणात पळतो. मामा, स्थळ तुमी आणलंत, तुमच्या शब्दाला तिकडे मान आहे. आटगावला जा, माझ्या वतीने कान पकडा, पाय धरा, पण पोरीचं लग्न सावरा.

तुमचा कपाळकरंटा दाजी,
वाळू

ता. क. हे पत्र पेटीत टाकायला अपेक्षाकडे दिलं, तर कार्टीने उंबऱ्यावर बसून वाचलं आणि परत आणून दिलं. म्हणाली, "बाबा, मी कणगीपाशीच तांदूळ निवडत होते. फोनमधून बारीक आवाज येत होता, चालू आहे ते मला कळत होतं. मुद्दामच बोलले नाय." माझा हात उठला, पण पोरगी मागे सरली नाय. म्हणाली, "मला नर्सिंगला जायचंय. दिवाळीपासून सांगते. आटगावचा फोन आला की सगळं घर कान देतं, माझं कोण ऐकतं?" मामा, खरंच तिने सांगितलं होतं. मी तेव्हा फोनला रेंज शोधत होतो.

आणखी ता. क. आटगावला जाऊ नका. कल्याणला नर्सिंगचा फॉर्म कुठे मिळतो तेवढी चौकशी करा, आणि पत्रानेच कळवा, फोन करू नका. तुमच्या बहिणीला मी अजून काही सांगितलेलं नाय.